सतरा आणि एक

माझी मुलगी मार्लिस साउथ डकोटातल्या आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक करते. मार्चमध्ये चर्चच्या तळघरात पक्षाची बैठक झाली, तेव्हा चाळीसेक लोकांनी तिला राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडलं. अट एकच: राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पहिल्या फेरीत मत लस्कबाईंना द्यायचं. मार्लिस हो म्हणाली.

जुलैपर्यंत लस्कबाई फार मागे पडल्या आणि दुसरे उमेदवार प्रेंटिस पुढे निघून गेले. अधिवेशनात आमच्या राज्याचे अठरा प्रतिनिधी आणि त्यांचा प्रमुख डेल अमुंडसन. हाच डेल शाळा मंडळाचाही अध्यक्ष. मार्लिसच्या नोकरीचा करार दर ऑगस्टला त्याच्याच हातून येतो. म्हणून मी टीव्हीसमोर बसले होते ती जीव मुठीत धरून.

आमच्या राज्याचं नाव पुकारलं गेलं. डेल माइकवर म्हणाला, "अठराच्या अठरा मतं प्रेंटिसना!"

टाळ्या वाजल्या आणि त्यातच मार्लिस उभी राहिलेली दिसली. पुढचं बोलणं तिनं नंतर सांगितलं.

"डेल, मोजणी बरोबर नाही. एकेकाचं नाव घेऊन विचारा." एका प्रतिनिधीनं जरी अशी मागणी केली, तरी ती मानावीच लागते.

"खाली बस, मार्लिस. सगळा देश बघतोय."

"म्हणूनच म्हणते, नीट मोजा."

"हे काय शाळेचं जेवणघर आहे?"

"तिथं मी ताटं नीट मोजते."

आमचं आडनाव ट्वीट, यादीत शेवटचं. सतरा जणांनी एकामागून एक प्रेंटिसचं नाव घेतलं आणि प्रत्येक नावाबरोबर मला वाटत होतं, अजून वेळ आहे, बस खाली. मागून कुणीतरी तिला म्हणालं, "झालं ना बाई, सोड आता."

मार्लिस म्हणाली, "लस्क."

डेलला पुन्हा माइक हातात घेऊन सांगावं लागलं: सतरा आणि एक. प्रेंटिस तरीही सहज जिंकले.

काल कराराचं पत्र आलं. पाच दिवसांचं काम तीन दिवसांवर आणलंय. कारण दिलेलं नाही.

"डेलला जाऊन भेट तरी," मी म्हटलं.

"भेटून काय सांगू, आई? त्याची मोजणी चुकली होती, मी दुरुस्त केली."

तिनं तिथंच, भांडी विसळता विसळता, ओल्या हातानं सही केली. घरात तिची दोन शाळकरी मुलं आहेत. उरलेले दोन दिवस ती कुठं काम शोधणार, हे विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.