वरच्या पात्यातला आवाज

"अहो, ही पोरगी तुमचं धनुष्य तान्ह्या बाळासारखं जपते! तुमच्यापेक्षा बरी!"

काकू स्वयंपाकघरात सरांना सांगत होत्या. दर रविवारी मी सरांकडे तिरंदाजी शिकायला जायचे. सरांना सांगितलेलं सगळं अंगणात तर ऐकू येतंच, शेजारच्या घरातही जातं. देवळाली कॅम्पात तोफांजवळ नोकरी झाल्यामुळे त्यांना फार कमी ऐकू येतं. "अर्धे कान तोफांनी खाल्ले, उरलेले हिने," असं ते स्वतःच म्हणतात.

मी अंगणात बसले होते. धनुष्य मांडीवर होतं आणि हाताला मुंग्या आल्या होत्या. पाचच मिनिटांपूर्वी मी फोन कुंडीला टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढत होते. बाण लावला नव्हता, नुसती पोज हवी होती. दोरी गालापर्यंत ओढली आणि घामाने बोटं निसटली. बाण नसला की दोरीच्या जोराला जायला जागा नसते, तो सगळा धनुष्यातच शिरतो. सरांनी पहिल्या दिवशी मला एवढी एकच गोष्ट तीनदा बजावली होती. फाडकन आवाज झाला. काकूंना जवळच्या लष्करी रेंजवरचं फायरिंग वाटलं असेल. सरांना तर काहीच कळलं नाही.

मी धनुष्य पुसून जागेवर ठेवलं.

नाशिक रोडला परतताना बसमध्ये इअरफोन लावून तो व्हिडिओ बघितला. सुरुवातीला माझा चेहरा खूश आहे. तसा चेहरा मी कधी कोणाला दाखवलेला नाही. मग आवाज होतो. त्यानंतर मी धनुष्याकडे बघतच नाही, आधी दाराकडे बघते, कोणी येतंय का म्हणून. व्हिडिओ डिलीट करायला बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग तो आवाज घरातही यायला लागला. आईने लायटर पेटवला की यायचा. कपाटाचं दार बंद झालं की यायचा. अंघोळ करताना, पाणी चालू असताना सुद्धा. रोज एकदा तरी मी तो व्हिडिओ लावायचे आणि दर वेळी ती मुलगी दाराकडेच बघायची.

पुढच्या रविवारी सर कापसाचा बोळा घेऊन बसले होते. त्यांचं धनुष्य लाकडी पट्ट्यांचं आहे, दोन्ही बाजूंनी फायबर चिकटवलेलं. महिन्यातून एकदा ते मुठीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांवरून कापूस फिरवतात. डोळ्यांना न दिसणारं कुसळ वर आलं असेल तर कापूस अडकतो. वरच्या पात्याच्या कडेला तो अडकला.

"हं, सापडलं," सर म्हणाले. केसासारखी बारीक चीर होती, दोन बोटं लांब. त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. "माझीच चूक. उन्हाळाभर पत्र्याखाली ठेवलं होतं, तापलं असणार. सॉरी बेटा, असं तुझ्या हातात दिलं."

कबुलीचं वाक्य मनात जुळत होतं. पण मी आधी इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते, आणि तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. इंग्रजी शाळेपासून असंच आहे. सर पॉलिश पेपर शोधायला उठले होते.

"अगं, डोळ्यात पाणी काय?" काकू म्हणाल्या. "अहो, बघा हो, ही रडतेय तुमच्या काठीसाठी!"

"काठी म्हणू नकोस तिला," सर आतून म्हणाले.

चीर लांबीच्या दिशेने होती. आडवी असती तर धनुष्य कायमचं भिंतीवर टांगावं लागलं असतं, म्हणून सर खुशीत होते. त्यांनी कड घासली, सुईच्या टोकाने पातळ गोंद आत सोडला, वरून रेशमी दोरा घट्ट गुंडाळला. चीर संपत होती तिथे पेन्सिलीने खूण केली. पातं मी धरलं होतं. ते माझं किती कौतुक करत होते! मी मान खाली घालून नुसतं हं, हं करत होते.

त्यानंतरच्या रविवारी काकू बाजारात गेल्या होत्या. सरांनी दोरी चढवली. "मी थोडं थोडं ओढतो. चीर खुणेच्या पुढे सरकते का, तू बघ."

एक वीतभर ओढलं. चीर होती तिथेच होती. सरांनी हळूच दोरी परत आणली आणि पुन्हा ओढली, आणखी थोडी.

टिक्.

गुंडाळलेल्या दोऱ्यापाशी नाही, त्याच्या खाली, मुठीकडे. तिथे वरून काहीच दिसत नव्हतं. लाकूड आणि फायबर आतून एकमेकांपासून सुटत होतं.

सर हसत होते. त्यांनी आणखी ओढलं. टिक्, टिक्. पातं त्यांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर वाकलेलं. मी हात वर केला, पण त्यांची नजर समोरच्या, निशाणाच्या गवताच्या गठ्ठ्यावर होती. अवघड काही सांगायचं असलं की मी ते काकूंकडून सरांना कळवायचे. आज काकू नव्हत्या. हाक मारली तर ती मलाच नीट ऐकू आली नाही. दोरी हनुवटीपर्यंत आली होती.

मग मी ओरडले. घसा फाटेल इतक्या जोरात, शेजारच्या घरात जाईल इतक्या जोरात.

"सर, ओढू नका! सोडूही नका, हळूहळू परत आणा! आतून तुटतंय ते! उन्हाने नाही झालं सर, मी बाण न लावता दोरी सोडली होती! मी!"