मिस्त्री बसला की हत्ती बसला

"आपटली असेल त्यांनीच! माझ्या हातून गेलेली खुर्ची अशी वाकत नाही."

"अहो, म्हातारी नुसती बसली हो तिच्यावर! लेकानं वेळेवर धरलं म्हणून, नाहीतर खुब्याचं हाडच गेलं होतं." मिस्त्रीच्या बायकोचाही आवाज चढला. परत आलेली कमोडची खुर्ची दोघांच्या मध्ये एक पाय मुडपून पडली होती.

वापरलेल्या वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या नव्या रुग्णांसाठी तयार करणं हे मिस्त्रीचं काम. जंतुनाशकानं धुवायचं, गंज घासायचा, पायांची झिजलेली रबरं बदलायची. शेवटी स्वतः वर बसून दणादण उसळ्या मारायच्या. देह असा, की गल्लीत म्हणायचे, 'मिस्त्री बसला की हत्ती बसला. आता कुणीही खुशाल बसा.'

तसलीच दुसरी खुर्ची कोपऱ्यात तयार होती. त्यानं ती ओढली, बसला, उसळला. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही.

"बघ!"

"उठा बरं." बायको बसली. कर्रर्र करत पाय फाकला. ती दचकून उठली.

"सूनबाई, जरा कमी जेवत जा," कॉटवरून आई हसली.

बायको त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होती. खिळ्यानं पाडलेलं एक भोक, त्याच्या पुढे आणखी एक. "कधीपासून सांगतेय, कपडे लोंबतायत अंगावर. तुमचं आपलं एकच, उन्हाळा बाधला."

दुरुस्तीला आलेला वजनकाटा मिस्त्रीनंच पोत्याखाली झाकून ठेवला होता. बापही असाच वाळत वाळत गेला होता. ती भीती त्यानं कशीबशी गिळली होती; पण ही दुसरी? सुजल्या पायांची ती मास्तरीण, एक पाय गेलेला तो धिप्पाड ड्रायव्हर. ह्या घटकेला ते त्याच्याकडून नेलेल्या खुर्च्यांवर, त्याच्या नसलेल्या वजनाच्या भरवशावर बसले असतील.

त्यानं पोतं ओढलं आणि काट्यावर उभा राहिला. काटा थरथरून थांबला. आकडा त्यानं कुणाला सांगितला नाही.

"उन्हाळ्यापासून दिलेलं सगळं आजच्या आज परत आणायचं," तो म्हणाला. "यापुढे वाळूची पोती ठेवून तपासायचं, माझ्या वजनावर नाही. आणि उद्या मी दवाखान्यात जातोय."