पत्रकातली दम्याची ओळ

"सर, ती दम्याची ओळ काढा," मी फोनवर तिसऱ्यांदा सांगत होतो.

पलीकडे देशकर सर होते. आमच्या संस्थेचे प्रोजेक्ट मॅनेजर, बसतात नागपूरला. त्यांनी पाठवलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्यासमोर पडला होता. गुळगुळीत कागद, मुकुट घातलेली माशी, आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं: 'रॉयल जेली. दमा, सांधेदुखी व अशक्तपणावर रामबाण.'

"आता छापून झालंय," ते म्हणाले. "आणि सगळेच लिहितात. नेटवर बघा."

"दमा असलेल्या माणसाला हे देऊ नये, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं सर. काहींना जबर रिअ‍ॅक्शन येते."

"काहींना शेंगदाण्याचीही येते. तुम्ही माशा सांभाळा, मार्केटिंग आम्ही बघतो."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. सकाळपासून बावीस पेट्या उघडून बंद केल्या होत्या. पाठ धरली होती. वाद घालायला अंगात जोर लागतो, तो त्या दिवशी नव्हता.

मी मधमाशीपालनाचा ट्रेनर आहे. घर मुर्रीला, पण वर्षातले आठ महिने गावोगाव पेट्या घेऊन फिरतो. लोक नाव विसरतात, 'माशीवाले सर' म्हणतात. त्या हिवाळ्यात सौंदडजवळच्या एका गावात बचत गटाच्या बायकांना रॉयल जेली काढायला शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. धान निघालं होतं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतांत, लाखोळीची डाळ आणि जवस फुलला होता. माशांना खायला भरपूर होतं.

रॉयल जेली म्हणजे मध नव्हे. तरण्या कामकरी माशांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधून पांढरा, दाट रस पाझरतो, तो त्या पिल्लांना भरवतात. पहिले दोनतीन दिवस सगळ्याच अळ्यांना मिळतो. जिची राणी करायची तिला मात्र शेवटपर्यंत तोच. माणसाने यातच फट शोधली. पोळ्यातून एक दिवसाची अळी बारीक सुईने उचलायची, प्लास्टिकच्या छोट्या कपात ठेवायची, आणि असे कप राणी नसलेल्या पेटीत सोडायचे. माशांना वाटतं राण्या घडवायच्या आहेत, त्या कप भरतात. तिसऱ्या दिवशी आपण कप बाहेर काढतो, अळी फेकतो आणि तो रस खरवडून घेतो. एका कपात हरभऱ्याच्या डाळीएवढा निघतो. लगेच फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो. लोक तो ताकदीसाठी खातात, तोंडाला लावायच्या क्रीममध्येही घालतात. ताकद किती येते, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

सगळ्यांत अवघड काम अळी उचलण्याचं. खसखशीच्या दाण्याएवढी अळी. सुई जरा टोचली की मेली, आणि उलटी पडली की माशा तिला स्वीकारत नाहीत. पंधरा बायकांत हे नीट जमलं ते एकट्या ललिताबाईंना. वय चाळिशीच्या आसपास. लग्न होऊन आल्यापासून बिड्या वळत होत्या. बोटं बारीक आणि एकदम स्थिर. पहिल्याच आठवड्यात त्यांचे कप माझ्या कपांपेक्षा जास्त भरून येऊ लागले.

मी म्हटलं, "ललिताबाई, तुम्ही मलाच शिकवा आता."

"बिडीचा धागा बांधाले याच्याहून जास्त तरास होते जी," त्या म्हणाल्या. "अन् इथं तंबाखूची धूळ तं नाही."

धुळीबद्दल त्या का बोलल्या, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्या अधूनमधून खोकायच्या. बिड्या वळणाऱ्या बहुतेक बायका खोकतात. मी लक्ष दिलं नाही.

माशांच्या कामात पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात. त्यात एक रकाना असतो: दमा, अ‍ॅलर्जी, श्वसनाचा विकार आहे का? माशी चावली तर कोणाला धोका आहे, हे कळावं म्हणून. पंधराही जणींनी 'नाही' लिहिलं होतं. मी फॉर्म फाईलला लावून टाकले. एकाही गावात मला 'आहे' मिळालं नव्हतं, आणि यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिसरी काढणी झाली. गटाच्या खोलीत सगळ्या जमल्या होत्या. गावोगाव वाटून झालेल्या देशकर सरांच्या पत्रकांपैकी एक कोणीतरी भिंतीवर चिकटवलं होतं. काढणी चांगली झाली की सगळ्यांना चाखायला द्यायची माझी जुनी सवय. आईस्क्रीमच्या काडीच्या टोकावर थोडी थोडी. चव आंबट, तुरट, घशाला चरचरणारी. बायका तोंडं वाकडी करतात, हसतात, आणि खोली मोकळी होते.

ललिताबाईंनी काडी चाटली. तोंड वाकडं केलं नाही.

"सर, मले थोडी जास्त द्या जी."

"काऊन? आवडली?"

"कमजोरी आहे."

मी दुसरी काडी दिली, चांगली भरून. गटातली सगळ्यांत हुशार बाई, तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

दहा मिनिटं झाली असतील. मी बाटलीवर लेबल लावत होतो. ललिताबाई ओठ चोळत होत्या. मग गळा खाजवू लागल्या. मी वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे सुजायला लागले होते आणि मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या. त्या खाली बसल्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"मले सास... नाही येऊन राहिला."

माशी चावून असं झालेली माणसं मी दोनदा पाहिली आहेत. यात थांबायचं नसतं. नवीन गावात गेलो की पहिल्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे आणि तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन असतं का, हे विचारून ठेवतो. ते एवढं मी केलं होतं. पेट्या वाहायचा पिकअप दाराशीच होता. पुढच्या सीटवर ललिताबाईंना बसवलं, गटातलीच त्यांची जाऊ सुमनबाई त्यांना धरून शेजारी बसली.

रस्ता फार नव्हता. पण मध्ये रेल्वेचं फाटक, आणि ते बंद होतं.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर मॅडमनी स्वतः उचलला.

"शुद्धीवर आहे का?"

"आहे. पण श्वास लागलाय, ओठ सुजलेत."

"झोपवू नका, बसवूनच ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. दमा आहे का तिला?"

"नाही," मी म्हणालो. फॉर्मवर तसंच होतं.

सुमनबाई रडत होती. ती म्हणाली, "आहे जी सर. लय वर्सापासून आहे. घरी दम्याचा पंप ठेवते, कपड्याच्या पेटीत लपवून. मीच मनलं होतं तिले, लिहू नको मनून. आहे लिहिलं तं काम नाही भेटत."

मी फोनवर सांगितलं, "मॅडम, आहे. दमा आहे."

"या लवकर. मी तयारी करून ठेवते."

मालगाडी आली. एवढी लांब मालगाडी मी आयुष्यात पाहिली नाही. डबे मोजू नये म्हणून मी ललिताबाईंकडे पाहत राहिलो. त्या दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून, खांदे वर करून हवा ओढत होत्या. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपलंच काही चुकलं, असं पाहिलं. ते मला फार लागलं.

फाटक उघडलं. दवाखान्याच्या दारात मॅडम आणि सिस्टर स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. मांडीत इंजेक्शन, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मग नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ. पंधरा-वीस मिनिटांत शिट्टी कमी झाली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. हाताला अजून जेलीचा आंबट वास होता. याच हातांनी पंधरा बायकांना सुई कशी धरायची ते शिकवलं होतं.

मॅडम बाहेर आल्या. "काय खाल्लं होतं?"

"रॉयल जेली."

"कोणी दिली?"

"मी."

त्यांनी हातातला घडी घातलेला कागद पुढे केला. ललिताबाईंच्या बटव्यातून निघालेलं आमचंच पत्रक होतं. दम्याच्या ओळीखाली पेनने रेघ मारलेली.

"तिला वाटलं, याने पंप सुटेल," मॅडम म्हणाल्या. "आता ठीक आहे. उद्यापर्यंत इथेच ठेवते, पुन्हा उलटू शकतं. यापुढे तिने याला हात लावायचा नाही. मधही नको."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी देशकर सरांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी आधी विचारलं, "बरी आहे ना?" हे मी मुद्दाम लिहितो, कारण तो माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये माशी चावली म्हणून टाका. माशीच्या कामात माशी चावते, लोक समजून घेतात."

"केसपेपरवर डॉक्टरांनी रॉयल जेली लिहिलंय."

"केसपेपर कोण मागणार आहे?"

"सर, मी खरं लिहितो."

"प्रोजेक्ट बंद पडला तर त्या पंधरा बायकांचं काय, याचा विचार करा."

मी केला. रात्रभर केला. सकाळी खरं तेच लिहिलं आणि सोबत पत्रक जोडलं. हा काही शूरपणा नव्हता. खोटं एकदा लिहिलं की ते पुढे सांभाळत बसावं लागतं, तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. आणि मीही कमी दोषी नव्हतो. मला माहीत होतं, तरी मी 'बरं' म्हणालो होतो. भिंतीवरचं पत्रक रोज दिसत होतं, मी ते काढलं नव्हतं. रिपोर्टमध्ये हेही लिहिलं.

प्रोजेक्ट बंद पडला नाही. पत्रकं परत घ्या, असा नागपूरहून आदेश आला. मी आणि सुमनबाई तीन गावं फिरलो. किराणा दुकानातून, पानठेल्यावरून, बाजारातल्या खांबांवरून ती गोळा केली. एका घरी म्हातारे बाबा द्यायलाच तयार नव्हते. "दम्याचं औषध आहे, कायले नेता?" अर्धा तास बसून त्यांना समजावलं. नव्या लेबलवर दमा आणि अ‍ॅलर्जी असलेल्यांनी घेऊ नये, अशी ओळ आली. अक्षरं माझ्या मते बारीकच आहेत.

आठवड्याने ललिताबाईंच्या घरी गेलो. त्या ओसरीवर सुपात पानं घेऊन बिड्या वळत होत्या. नाकाला पदर बांधलेला.

"बसा जी सर."

मी माफी मागितली. दुसरी काडी द्यायला नको होती, म्हणालो.

"मीच मांगली ना," त्या म्हणाल्या. मग हातातली बिडी बांधून, "मी कामावर कधीपासून येऊ?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. जेलीचं काम नाही. पेट्यांच्या चौकटी ठोकायचं, रंगवायचं काम आहे, ते घ्या.

"चौकट ठोकाले कोणीबी चालते," त्या म्हणाल्या. "अळी उचलाले माझा हात लागते. तुमीच मनत होते."

"मीच म्हणत होतो."

"मंग?"

त्यांनी पुढचं पान कापायला घेतलं. तंबाखूच्या धुळीने त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी तिथे बसून राहिलो. चौकटीचं काम त्यांनी घेतलं नाही. मॅडमच्या सांगण्यावरून पंप मात्र आता नियमित घेतात, सगळ्यांसमोर. सुमनबाई सुई शिकली. तिच्या निम्म्या अळ्या माशा टाकून देतात. गट चालू आहे, जेली पूर्वीपेक्षा कमी निघते.

मी ट्रेनिंगची पद्धत बदलली. आता आधी प्रत्येकीला कोणतं ना कोणतं काम नक्की करून देतो आणि मग आजार विचारतो. एकेकीला, बाजूला बसवून. 'दमा' हा शब्दही वापरत नाही. थंडीत सास भरते का, छाती वाजते का, घरी पंप आहे का, असं विचारतो. अर्धा दिवस जातो. मागच्या तुकडीत तिघी निघाल्या. 'हो' म्हटल्याने काम जाणार असेल तर माणूस 'नाही'च लिहितो. हे कळायला मला एवढी वर्षं आणि एका बाईचा श्वास लागला.