आधी तिला बोलू द्या

गाडी घेऊन तुम्ही मिस्त्रींच्या दारात गेलात आणि काय बिघडलंय ते सांगायला तोंड उघडलंत, की त्यांचा उजवा तळहात वर यायचा. "थांबा. आधी तिला बोलू द्या." तिला म्हणजे गाडीला. मग डोळे मिटून, मान जराशी कलती करून ते चालू इंजिनाशेजारी उभे राहायचे. आपल्याला डॉक्टरला आणि मिस्त्रीला रोग सांगून वर औषधही सुचवायची खोड असते. त्यांच्याकडे ती सोय नव्हती.

चिखलीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिला चिकटूनच घर. पाटी नव्हती. सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणायचे. मी शाळेची व्हॅन चालवते, नवरा चाकणला कंपनीत आहे. जुनी व्हॅन घेतली तेव्हा बाई काय व्हॅन चालवणार, अशी कुजबुज गल्लीभर झाली. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "आरशात बघता का न्हाई?"

"बघते की."

"मग झालं."

पहिल्याच महिन्यात ती व्हॅन चढाला आचके द्यायला लागली. पिकअप नाही, आणि सिग्नलला उभी केली की सगळी गाडी थडथडायची. मिस्त्रींनी ऐकलं आणि म्हणाले, "मिसिंग हाय. आत तीन भाऊ हायती, एकेकाला घराभाईर काढून बघू." भाऊ म्हणजे इंजिनातले तीन सिलिंडर; त्यातला एखादा पेटेनासा झाला की ते मिसिंग.

प्लास्टिक गुंडाळलेल्या पकडीने त्यांनी चालू इंजिनातल्या पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन गचकलं, बंदच पडायला आलं. ती बसवून तिसरी काढली, तर तेच. मग मधली काढली आणि इंजिनाला पत्ताच नाही. जसं रखडत होतं तसंच रखडत राहिलं.

"ह्यो बघा. मधला बसून खातोय."

तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. इंजिन बंद करून त्यांनी मधल्याचा प्लग पहिल्याला लावला आणि पहिल्याचा मधल्याला. प्लग चोर असेल तर चोरी त्याच्याबरोबर पहिल्या घरात जाईल, असा हिशोब. गाडी चालू केली, तर चोरी मधल्या घरातच. "प्लग बिचारा गरीब हाय. वायरच चोर," असा निकाल लागला.

मग घोंगडी निघाली. ही घोंगडी त्यांच्या वडिलांची, मेंढीच्या लोकरीची, काळीभोर. मिस्त्रींनी वायरींवर पाणी शिंपडलं, हात बाहेर काढले आणि भर दुपारी बॉनेटवर घोंगडी पांघरली. आत डोकं घातलं की अंधार. वायर जिथे तडकलेली असते तिथून निळी ठिणगी चुटचुट करत शेजारच्या लोखंडावर उडी मारते. ती गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मिस्त्री नवी वायर बसवायचे नाहीत. मी बाई, त्यामुळे पंचाईत झाली. एका घोंगडीत दोन डोकी कशी घालायची? त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "अवं, जरा यिऊन ताईस्नी ठिणगी दाव."

मिस्त्रींच्या बायको, काकू, कणकेचे हात घेऊनच आल्या. आम्ही दोघी घोंगडीत वाकलो. पेट्रोलचा वास, लोकरीचा वास आणि काकूंच्या हाताला लसणाचा. "ती बगा," त्या म्हणाल्या, "सापाच्या जिभंवानी." मला दिसली. आमची ओळख झाली ती अशी.

एकदा ताथवड्याहून एक साहेब आले होते. त्यांनी फोनवर तीन व्हिडिओ बघून रोग आधीच ठरवून आणला होता आणि फोन मिस्त्रींच्या तोंडापुढे धरला होता. तळहात वर आला. "साहेब, त्यालाबी गप बसवा." साहेबांनी मुकाट्याने फोन खिशात घातला. प्लग काळाकुट्ट निघाला, तो बदलून दिला. जाताना साहेबांनीच वाकून नमस्कार केला.

गॅरेज काढण्याआधी मिस्त्री कितीतरी वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये होते. दिवसभर पत्र्यावर घण पडल्यासारखा आवाज. "कानात कापूस घालायचो आमी," ते सांगायचे, "पर कापूस कुटवर पुरंल?" मी हसायचे. तेव्हा मला ती गंमत वाटायची.

मग तो सोमवार आला. गाडी परत मिसिंग मारत होती. मिस्त्रींनी हात वर केला, डोळे मिटून ऐकलं, प्लग बदलला, परत ऐकलं. "आता ब्येस हाय. जा." मला मात्र अजून ऐकू येत होतं, मधूनच एक ठोका चुकत होता. मी म्हणाले, "मिस्त्री, पण..." आणि तळहात वर आला. मी गप्प बसले. मिस्त्री म्हणतात तर बरीच असणार.

दुपारी पोरांना सोडताना मोशीच्या चढावर गाडी बंद पडली. मागे कंटेनर, आत अकरा लेकरं. कंटेनरवाल्याने करकचून ब्रेक मारला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पोरं रडत होती, एकेकाला उतरवून मी रस्त्याच्या कडेला उभं केलं.

संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन ओरडले, "मिस्त्री, अकरा लेकरं होती गाडीत!"

"मला ब्येस वाटली, ताई."

"अहो, ठोका चुकत होता! मला ऐकू येत होतं!"

"मंग तवाच का न्हाई बोललात?"

ते एका जुन्या टायरवर बसले आणि हाताचं ग्रीस पुसत राहिले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मला न्हाई आलं ऐकू. वरीस झालं. हिलाबी सांगितलं न्हाई."

दारातून काकू मोठ्याने म्हणाल्या, "मला ठाव हाय. कुकरच्या शिट्ट्या तुमास्नी ऐकू येत न्हाईत, ती मी बघत न्हाई व्हय?"

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी हात वर करता न्हवं!"

मी भांडायला गेले होते, आणि माझंच तोंड शरमेने खाली गेलं. त्यांच्या त्या तळहाताचं आम्हा सगळ्यांना इतकं कौतुक होतं, की खरं सांगायच्या वेळीही आम्ही त्याचा मान राखला होता. लेकरं थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी व्हॅनवाले चहाला जमतात तिथे ते स्वतः आले. हे लपवलं असतं तरी चार-दोन वर्षं खपून गेलं असतं. ते उभ्यानेच म्हणाले, "माझं कान गेलंत. काल ताईच्या गाडीत मी चूक केली. ज्याला पटंल त्यानं यावं." निम्मी गिऱ्हाइकं त्याच आठवड्यात तुटली. मी गेले नाही कुठे. राग होता, तो महिनाभर पुरला, पण ज्याने आपणहून सांगितलं त्याला सोडून ज्याचं काहीच माहीत नाही त्याच्याकडे कशाला जायचं?

तेव्हापासून काकू इंजिनाशेजारी उभ्या राहायला लागल्या. मिस्त्री वायर उपसायचे आणि काकूंच्या हाताकडे बघायचे. आवाज पडला की काकू हात वर करायच्या, नाही पडला तर हात खाली. "कान हिचं, हात माझं," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. सांगताना लाजायचेही नाहीत. मला ते त्या दिवसांत जितके आवडले तितके आधी कधी आवडले नव्हते.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. दोन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त झालं.

परवा गाडी पुन्हा थडथडायला लागली. सांगवीला नवं गॅरेज आहे, तिथे कॉम्प्युटर लावून बघतात, म्हणून गेले. तिथला पोरगा कॉम्प्युटरची वायर हातात घेऊन गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "ताई, हिला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही." मी तशीच रखडत घरी निघाले.

शेडसमोर आले तेव्हा काकू दारात गहू निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. मी खिडकीतून म्हणाले, "काकू, काय झालंय..."

तळहात वर आला. "थांबा. आधी तिला बोलू द्या."

त्यांनी ऐकलं, मग आत जाऊन ती पकड आणली आणि माझ्या हातात दिली. "कान माझं हाईत. हात तुमचं लावा."

मी घाबरत पहिली वायर उपसली. काकूंचा हात वर गेला. मधली उपसली, हात वर. तिसरी उपसली. हात खालीच राहिला.

प्लगची अदलाबदल केली, चोरी तिसऱ्या घरातच राहिली. मग काकूंनी घोंगडी आणली. पाणी शिंपडून आम्ही दोघी आत वाकलो. निळी ठिणगी उडत होती.

"दिसली?"

"दिसली."

चोर सापडला होता, आता नवी वायर तेवढी बसवायची होती, पण काकू घोंगडीतून बाहेर येईनात. अंधारात त्या म्हणाल्या, "लई आठवण येती वो." मी समजूत घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी त्यांना बोलू दिलं.