मास्तरांच्या घुगऱ्या

चहा घ्या, पण घोट घेतला की कप खाली ठेवा. हसताना धोतरावर सांडला तर मी जबाबदार नाही. आता जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू फारशी उरत नाही, पण तुम्ही घरचेच. तर ऐका. अख्ख्या गावाच्या मते मी लग्नाआधीच बाप झालो होतो! आणि ही बातमी सगळ्यांत शेवटी कळली ती मला.

किन्हीराजाला मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी सडाफटिंग होतो. पण लग्न झालंय का, हे गावात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आई लहानपणीच गेली, वडील बदलीच्या नोकरीत, म्हणून वाढलो अमरावतीच्या वसतिगृहात. घरात पाळणा हललेला कधी पाहिला नाही, चुलीपुढे कधी बसलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही विचाराल, माणूस इतका बावळट असतो का? असतो. तुमच्यासमोर बसलाय.

लग्न जवळजवळ ठरलं होतं. धनजच्या अमृतरावांची मुलगी, यमुना. तिला मी एकदाच पाहिलं, तेही ती पोहे ठेवून आत पळाली तेवढंच. पण मनात अशी बसली की शाळेत पाढे म्हणवून घेताना मी मधूनच हरवायचो. अडलं होतं ते अमृतरावांपाशी. शेतीवाला माणूस. घरात ज्वारीची कोठी नसताना नुसत्या पगारावर कोणी जेवू शकतो, हेच त्यांना पटेना.

"मास्तर, तुमचा पगार आयकला मी," ते म्हणाले. "एवढ्यात माह्या पोरीचं पोट कसं भरन, थे काही मले समजून नाही राह्यलं. मी सोता येतो किन्हीराजाले. तुमी एकटे काय रांधता, काय खाता, थे पाह्यतो. मंग हो म्हन्तो."

घ्या! लोकांची लग्नं पत्रिकेवर अडतात, हुंड्यावर अडतात. माझं येऊन ठेपलं चुलीवर.

मग काय, मी कंबर कसून काटकसरीला लागलो. आधी ज्वारीच्या कण्या शिजवून पाहिल्या, ताकाबरोबर. स्वस्त आणि पोटभर. पण त्या खाली अशा लागल्या की भांडं दगडाने खरवडावं लागलं. मग पिठलं केलं. त्यात गाठी इतक्या झाल्या की पिठलं कमी आणि भजी जास्त असं वाटावं. शेवटी मी खाटेवर बसून शांतपणे विचार केला. एकट्या माणसाला धान्य लागतं किती? मूठभर. जळण मात्र जातं पाच माणसांचं. कारण चूल तर तेवढीच पेटवावी लागते ना? म्हणजे खरा चोर चूल! मग ती आठवड्यातून एकदाच पेटवली तर?

स्वतःच्या हुशारीवर मी एवढा खूश झालो की त्या दिवशी मुलांना अर्धी शाळा सोडून दिली.

चैत्र लागला होता, नवं पीक घरोघर आलं होतं. एका विद्यार्थ्याच्या बापाने मला पायलीभर हरभरे आणून दिले होते. चार शेर, तेही टपोरे! मी ते सगळे बादलीत भिजत घातले. हो, सगळे. एकदा शिजवायचे आणि आठवडाभर खायचे. आता भिजलं की धान्य फुगतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बी पाणी शोषून घेतं, हे वर्गात मीच शिकवत होतो. पण ते पुस्तकातलं बी होतं, हे माझ्या बादलीतलं!

सकाळी उठून पाहतो तर बादलीने झाकण फेकून दिलेलं, आणि हरभरे चुलीपासून माझ्या अंथरुणापर्यंत आलेले. घरात मिळेल त्या भांड्यात भरले तरी उरले. शेवटी शेजारच्या गंगामायकडे धावलो. गंगामाय म्हणजे एकटी म्हातारी, जिभेने तिखट आणि मनाने तुपासारखी.

"माय, मोठं गंज आहे का? हरभरे शिजवायचेत."

"एवढं मोठं गंज? कार्याचं?" तिने मला खालीवर पाहिलं. "काहून हो मास्तर, घुगऱ्या करता काय?"

शिजवलेल्या हरभऱ्यांना इकडे घुगऱ्या म्हणतात, एवढं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, हीच तर रड! मी म्हटलं, "हो, घुगऱ्याच."

म्हातारीच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं म्हणता! "अरे बाप्पा! अन् बोलले नाही तुमी!" असं म्हणत तिने गंज तर दिलंच, वर स्वतः उचलून माझ्या ओट्यापर्यंत आणलं.

हरभरे शिजले. तेल वाचावं म्हणून फोडणी दिली नाही, नुसतं मीठ आणि वरून गुळाचा खडा. दुपारी खाल्ले, संध्याकाळी खाल्ले, दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. गंजात डोकावलो तर हरभरे होते तिथेच! आणि उन्हाचा तडाखा असा की संध्याकाळपर्यंत आंबणार हे नक्की. टाकायचे? माझा जीव तयार होईना.

तेव्हा मला आणखी एक अक्कल सुचली. एकदा गंगामायने कढी दिली होती, तेव्हा तिनेच बजावलं होतं, शेजारच्याची वाटी रिकामी परत करू नये. म्हणजे बघा हं! घरोघर वाटीभर हरभरे द्यायचे. आज ना उद्या प्रत्येक वाटी काहीतरी घेऊन परत येणार. कुठून भाजी, कुठून भाकरी, कुठून ठेचा. आंबायला आलेल्या हरभऱ्यांवर आठवडाभराचं जेवण! मी गंगामायकडून वाट्या मागून आणल्या, परातीत मांडल्या आणि निघालो.

आळीत असा मान मला कधी मिळाला नव्हता. बाया दारात येऊन हसत वाटी घेत होत्या. एक शेतकरी तर बैल तसेच सोडून समोर आला.

"मास्तर, पयलंच ना?"

"पहिलंच," मी लाजून म्हणालो. एवढा स्वयंपाक खरंच पहिल्यांदा केला होता.

"मंग काही घाबरू नका. दुसऱ्या टायमाले सवय होऊन जाते."

किती समजूतदार माणसं, मला वाटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून वाट्या परत यायला लागल्या. काय सांगू! डिंकाचे लाडू, खारका, खोबरं, साजूक तूप! एका घरून तर बाळंतशेपा आल्या. काटकसर फळाला आली म्हणतात ती अशी. काही वाट्यांबरोबर कापडंही आली. एक मऊ दुपटं आलं, ते मी भाकरी गुंडाळायला घेतलं. एक टोपडं आलं, मागे लांब पदर असलेलं. त्यात दही बांधून खुंटीला टांगलं, पाणी झकास निथळायला लागलं. आणि एक छोटासा सदरा आला, त्याच्या दोन्ही बाह्यांत माझी जेमतेम बोटं जात होती. सकाळी चहापुरती चूल पेटवली की मी तो गरम भांडं उतरवायला वापरू लागलो. दोन बाह्या, दोन हात! काय डोकं आहे इथल्या बायांचं, असं मी मनात म्हणत असे.

हसा, हसा.

अशा वेळी अमृतराव आले. बैलांची दमणी पारापाशी थांबवून त्यांनी कोणाला तरी माझं घर विचारलं, आणि त्या भल्या माणसाने घराबरोबर बातमीही सांगितली. हे मला नंतर कळलं. मी आपला दारात हात जोडून उभा. अमृतराव आत आले ते कपाळाला आठी घालूनच. बसले नाहीत.

मला वाटलं, घर लहान वाटलं असेल. मी उत्साहाने दाखवायला सुरुवात केली. "अमृतरावजी, हे बघा डिंकाचे लाडू. रोज सकाळी एक खातो. अंग भरून येतं. जेवल्यावर या शेपा. आणि हे साजूक तूप. हे सगळं एक पैसा खर्च न करता!"

त्यांनी चुलीजवळ पडलेल्या त्या छोट्या सदऱ्याकडे बोट केलं. "थे झबलं कोनाचं हाये?"

"माझंच," मी म्हणालो. "रोज वापरतो."

त्यांची नजर खुंटीवरच्या टोपड्याकडे गेली. त्यातून टपटप पाणी गळत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "या घरात दोघांचं सहज भागेल. तिसरं आलं तरी भागेल!"

"मास्तर!" असा आवाज आला की छपरावरच्या चिमण्या उडाल्या. "एक बायको माहेरी बाळंतीन पडली हाये, अन् तुमी माही पोरगी मांगून राह्यले? लाज नाही वाटत?"

"कोणाची बायको?" मी विचारलं. यमुना हातची चालली, एवढंच मला कळत होतं. का चालली ते मात्र कळेना. खरं सांगतो, रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात दारातून गंगामाय आली, हातात काजळाची डबी. "मास्तर, हे तिकडं धाडून द्या. अन् लेकराचं नाव काय ठेवलं थे तर सांगा. सारा गाव इचारून राह्यला."

"कुठलं लेकरू, माय?" मी ओरडलोच.

"तुमचं! बारशाच्या घुगऱ्या नाही का वाटल्या तुमी?"

बारशाच्या! मी तिथेच जमिनीवर बसलो. डिंकाचे लाडू, शेपा, टोपडं, झबलं, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग बादली, अंथरूण, गंज आणि वाट्यांचा बेत, सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. माझ्या पोटातलं पाप ऐकून गंगामायने पदर तोंडात कोंबला. अमृतराव कोपऱ्यातल्या, तळाशी अजून हरभरे उरलेल्या गंजापाशी गेले, झाकण काढलं, वास घेतला आणि घाईघाईने परत ठेवलं.

"एका मानसाले पायलीभर भिजवले?"

"हो जी."

"एकाच टायमाले?"

"हो जी."

अमृतराव खाटेवर बसले. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "पोरगी देली तुमाले. काहून, थे आयका. खोटं बोलाले अक्कल लागते, थे तुमच्यापाशी नाही. पन एक हाये. लगीन झाल्यावर चुलीजवळ जायाचं नाही."

मी सगळ्यांचे कपडे परत करायला निघालो, तर गंगामाय म्हणाली, "राहू द्या, कामी येतीन."

यमुना घरी आली. चूल तिच्याकडे गेली आणि त्याच पगारात आम्ही दोघं पोटभर जेवायला लागलो. पुढे ती बाळंतपणाला धनजला गेली, मुलगी झाली. मी छाती फुगवून सगळ्या आळीत घुगऱ्या वाटल्या, या वेळी गंगामायकडून मोजून शिजवून घेतलेल्या. तर काय! सगळ्या वाट्या रिकाम्या परत आल्या. घासूनपुसून, लखलखीत!

"पुन्हा अंदाज चुकला काय, मास्तर?" जो तो विचारायचा. मी शपथा घेतल्या. कोणी ऐकेल तर शपथ.

शेवटी यमुना मुलीला घेऊन आली. अंगात तेच झबलं, बाह्यांना माझ्या चुलीची काजळी अजून लागलेली. सगळी आळी दारात जमली. गंगामायने लेकराला मांडीवर घेतलं, गालाला तीट लावली, मग मागे वळून दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"एकच?" ती म्हणाली. "मास्तरचा अंदाज पाहून मले वाटलं, गंजभर अस्तीन!"