आतोबांची खाली जमीन

काशीत माणसं मोक्षासाठी येतात, विद्येसाठी येतात, साड्यांसाठी येतात. पण निव्वळ मातीसाठी आलेला आणि मातीसाठीच तिथे राहिलेला मराठी माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. माझे आतोबा तिथल्या विद्यापीठात भूगोल शिकवत. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीच्या निमित्ताने तरुणपणी बनारसला गेले आणि पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या नि एक गच्ची एवढ्या बिऱ्हाडात सगळा संसार करून मोकळे झाले. मी बँकेत नोकरीला लागले आणि पहिलीच नेमणूक बनारसला झाली, तेव्हा वडील म्हणाले, "आत्या आहे ना तिथे, मग काळजी कसली." आत्या होतीच. पण आतोबाही होते, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी जेवायला बसलो तर आतोबा ताटाकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, चित्राहुती घालायची असेल. पण ते गंभीरपणे म्हणाले, "यंदा भाताखालचं क्षेत्र वाढलेलं दिसतंय. आमटीचं सिंचन मात्र अपुरं आहे." आत्याने मुकाट्याने पळीभर आमटी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला यातलं सगळं समजत होतं. ताटाच्या डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर म्हणजे नगदी पिकं, आणि पोळी संपून भात यायच्या आधीचा वेळ म्हणजे जमिनीला विश्रांती. घरालाही हाच न्याय. गच्ची बहुपीक, कारण तिथे पापडही वाळत आणि प्राध्यापकही बसत. मला दिलेला कोपरा नव्याने लागवडीखाली आलेला. आत्याचं माहेरचं कपाट तेवढं राखीव जंगल. तिथे त्यांना प्रवेश नव्हता.

माती ते खिशातून आणत. सदऱ्याच्या, कोटाच्या, एकदा तर छत्रीच्या घडीतूनसुद्धा. गावोगावची माती रुमालात बांधून आणायची आणि घरात जी बरणी मोकळी दिसेल तिच्यात ओतायची. धुणं धुताना आत्या म्हणायची, "ह्यांच्या एका सदऱ्यात अख्खी तहसील निघते." एका रविवारी त्यांचे अर्थशास्त्रातले सहकारी जेवायला आले. मराठी जेवणाचं त्यांना भारी कौतुक. त्यांनी समोरची बरणी ओढून भातावर मेतकूट घेतलं, वर तूप घेतलं, कालवलं, खाल्लं आणि नम्रपणे म्हणाले, "भाभीजी, आज नमक कुछ कम है." आत्याने बरणी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. आतोबांना मात्र त्या माणसाच्या पोटाची जराही काळजी वाटली नाही. ते मला बाजूला घेऊन आनंदाने म्हणाले, "बघितलंस? त्या जमिनीत क्षार नाहीत, हे मी मघापासून सांगतोय. आता अर्थशास्त्रानेही मान्य केलं."

पाहुण्यांचे तर त्यांनी फार हाल केले. साताऱ्याहून त्यांच्या वहिनी आल्या, जन्मात पहिल्यांदा काशीला. आतोबांनी त्यांना नावेत बसवलं, तेही घाटांकडे पाठ करून. समोर पलीकडची मैलभर वाळू. "वहिनी, ही खरी गंमत. पाणी ओसरलं की या रेतीत काकडी लावतात, खरबूज लावतात. जमीन दर वर्षी नवी, मालक दर वर्षी तोच. आहे की नाही आश्चर्य?" वहिनी बिचाऱ्या मान वळवून वळवून मागे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भावजी, शिंदे घाट कुठला तो तरी दाखवा." आतोबा म्हणाले, "तो मागे गेला. कललेलं देऊळ आहे तिथे. आपण परत येईपर्यंत पडत नाही." परत येईपर्यंत अंधार पडला आणि वहिनींना काशीतली काकडीची शेती तेवढी तोंडपाठ झाली.

या माणसाच्या हातात विद्यापीठाने एक मोठा प्रकल्प दिला होता. बनारसच्या आसपासच्या खेड्यांत जमीन कशी वापरली जाते, कशी वापरली जावी, आणि त्या मुलखाचा विकास टिकून राहील असा कसा करावा, याचा अभ्यास. भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र, सगळ्यांनी मिळून करायचा. त्याला आंतरविद्याशाखीय म्हणतात, हे आतोबांनी आत्याला अनेकदा सांगितलं. ती त्याला शेवटपर्यंत 'ह्यांचं ते अंतरबिंतर' म्हणत राहिली. तिचंही खोटं नव्हतं, कारण गच्चीवर बैठक भरली की शास्त्राशास्त्रांतलं अंतर साफ दिसायचं. एकाच बांधावर उभे राहून वनस्पतीवाले गवताची नावं घेत, अर्थवाले बाजारभाव विचारत आणि आतोबा ओणवे होऊन जमिनीचा उतार बघत. 'शाश्वत विकास' हे प्रकल्पाचं नाव ऐकून अमृतराव घाटावरचे आमच्या ओळखीचे एक वृद्ध वैदिक गुरुजी खवळले होते. "शाश्वत एक ब्रह्म. तुमचा विकास मध्येच कुठून आला?" आतोबा हात जोडून म्हणाले, "शास्त्र मान्य, गुरुजी. पण ब्रह्मासाठी दिल्लीहून अनुदान मिळत नाही."

चेष्टा सोडा, त्या प्रकल्पावर त्यांचा फार जीव होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. निवृत्तीच्या आधी तो अहवाल पुस्तकरूपाने निघावा आणि त्यात स्वतःच्या हाताने काढलेले नकाशे असावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. नकाशे ते गच्चीवर सकाळच्या उन्हात रंगवत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायची आत्याचीही छाती नसे. अक्षर तर असं सुबक, की नदीचं नाव वाचण्यापेक्षा नुसतं बघत राहावंसं वाटे.

अक्षर सुबक होतं, हिंदी मात्र विचारू नका. इतकी वर्षं राहून त्यांची हिंदी म्हणजे मराठीला टोपी घातलेली. अर्थशास्त्रवाले एकदा म्हणाले, "हमने तो बहुत चेष्टा की," म्हणजे आम्ही खूप प्रयत्न केला. तर आतोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. कामाच्या ठिकाणी हा माणूस आपली थट्टा करतो म्हणजे काय. खेड्यात मात्र त्यांचं छान जमायचं. तिथले लोक उंचसखल जमिनीला 'ऊँच-खाल' म्हणतात, हे कळलं त्या दिवशी ते हर्षभरित होऊन घरी आले. "अगं, ही माणसं तर आपलंच मराठी बोलतात." आणि त्याच आनंदात त्यांनी नकाशावर जिथे जिथे सखल जमीन होती, पावसाचं पाणी साठत होतं, तिथे तिथे आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकलं: 'खाली'.

मराठी माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. आम्हा घरच्यांनाही दिसलं नाही. सहकाऱ्यांनी नकाशा हिंदीत वाचला, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामी. पाहणी ऐन ज्येष्ठात झाली होती. तळी कोरडी ठाक, चिटपाखरू नाही. त्यांना वाटलं, बरोबर आहे, रिकामीच आहे. नकाशांच्या प्रती अहवालाच्या आधीच निरनिराळ्या कचेऱ्यांत गेल्या.

मग एका रविवारी सकाळी वरुणा नदीपलीकडच्या एका गावातून एक मल्लाहीण, म्हणजे नावाड्यांच्या घरची बाई, आमच्या दारात आली. त्या गावात एक मोठा ताल होता, म्हणजे पसरट तळं. पावसाळ्यात तो भरला की तिथली मल्लाहांची घरं त्यात शिंगाड्याचे वेल लावत, दिवाळीच्या सुमाराला शिंगाडे काढत, आणि वर्षभराचं पोट त्यावर चाले. आतोबांना ती ओळखत होती. तिच्या ओसरीवर बसून त्यांनी कितीदा गूळपाणी घेतलं होतं. ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "गुरुजी, सुनत हई आप लिख देहलीं कि ताल खाली हौ."

आतोबांचा चेहरा खुलला. आपला नकाशा खेड्यापर्यंत पोचला, याचाच त्यांना आनंद. "हाँ, लिखा है. बिलकुल खाली है."

"खाली हौ?" ती बघतच राहिली.

"एकदम खाली. पूरे ज़िले में उससे खाली ज़मीन हमने नहीं देखी. इसीलिए तो हमने मोटे अक्षर में लिखा."

ती बाई मोठ्याने रडू लागली. आतोबा गोंधळून तिची समजूत घालू लागले, की खाली असणं चांगलंच, खाली आहे म्हणून तर तिची रोजी आहे. आणि ते जसजसे समजावत गेले तसतशी ती आणखी रडत गेली. मी दिवसभर बँकेत "मैडम, काउंटर खाली है?" हे ऐकणारी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "आतोबा, थांबा. हिंदीत खाली म्हणजे रिकामी." ते म्हणाले, "हो, ते मला माहीत आहे." आणि मग त्यांना कळलं, आपण काय लिहून बसलोय ते. ते जमिनीवरच बसले. शहर वाढत होतं, शहर वाढवणाऱ्या एका कचेरीला गोदामांसाठी जागा हवी होती, आणि नकाशात त्यांना ती आयती सापडली होती, प्रोफेसरसाहेबांच्या हस्ताक्षरात. ताल बुजवायचं ठरत आलं होतं.

संध्याकाळी अर्थशास्त्रवाले धावत आले. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. चूक नक्शानवीसाची, म्हणजे नकाशे काढणाऱ्याची आहे असं सांगा आणि त्या एका तालापुरता शब्द बदलून घ्या. आतोबा म्हणाले, "नक्शानवीस तो हम ही हैं." अर्थशास्त्रवाले म्हणाले, तेच तर; तुम्ही स्वतः उभे राहून आपली चूक म्हणालात तर हा शब्द नकाशावर ठिकठिकाणी आहे हे उघड होईल, सगळा अहवाल परत येईल, आणि तुमची नोकरी आता उरली किती. ते गेल्यावर आतोबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्हाला झोप कशाने लागेल तेवढं बघा." त्या रात्री आतोबांनी ताटातल्या भाताखालचं क्षेत्र मोजलं नाही.

ताल बुजवण्याबद्दल त्या कचेरीत सुनावणी होती, तिला मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. आतोबांनी लग्नातला कोट घातला होता. टेबलामागचे अधिकारी सभ्य होते, पण त्यांना हसू आवरेना. आतोबांनी त्यांना मराठीतला खाली समजावला, हिंदीतला खाली समजावला, आणि सरळ सांगितलं की हा शब्द जिथे जिथे आहे तिथे तिथे तो चुकलेला आहे, आणि चूक एकट्या आपली आहे. अधिकारी म्हणाले, "तो प्रोफेसर साहब, आपका सारा नक्शा मराठी में है?" आतोबा कोटाचं बटण चाचपत म्हणाले, "नक्शा तो हिंदी में ही है, साहब. हम ही मराठी में रह गए." सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा आतोबा त्या खोलीत इतका एकटा दिसत होता, की मला त्याचा हात धरावासा वाटला. इतकी वर्षं अहोजाहो केलेल्या माणसाबद्दल त्या क्षणी मनात अरेतुरेच आलं.

गोदामं रद्द झाली. अहवाल फेरतपासणीसाठी परत आला. फेरतपासणी करायची कुणी, यावर विभागांचं एकमत होईना, आणि ते होण्याआधी आतोबा निवृत्त झाले. पुस्तक निघालं नाही. नकाशे कुठल्याशा खोलीत गुंडाळून ठेवले असतील, किंवा नसतीलही.

त्यानंतरच्या कार्तिकात ते मला तालावर घेऊन गेले. पाणी हिरव्या वेलींनी झाकून गेलं होतं आणि ती मल्लाहीण छातीइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाडे खुडत होती. तिने ओंजळभर ओले शिंगाडे काठावर आणून दिले आणि परत पाण्यात गेली. आतोबांना ते सोलता येत नव्हते. बोटांना काटे टोचून घेत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आतोबा, अहवाल गेला, वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले. "खूप वाटतं. रोज सकाळी ऊन गच्चीवर आलं की वाटतं." मग एक शिंगाडा कसाबसा सोलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "पण त्या अहवालाच्या शेवटी शिफारशी होत्या. पहिलीच शिफारस काय होती, माहीत आहे? हा ताल आहे तसा राहू द्यावा. तू बँकेत आहेस, तुझ्याकडे पुष्कळ अहवाल येत असतील. त्यातल्या किती अहवालांची पहिली शिफारस अमलात येते?" आणि ते हसले.

माझी पुढे बदली झाली. आतोबा गेल्याचं कळलं तेव्हा मी नागपूरला होते. पाऊसकाळ संपता संपता बनारसला गेले, तर आत्या म्हणाली, मला तालावर ने. रिक्षाने गेलो. तिला काठापर्यंत हात धरून नेलं. ती आयुष्यात पहिल्यांदाच तिथे येत होती. पदर सावरून बराच वेळ ती पाण्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "काठोकाठ भरलंय गं. ह्यांनी बघायला हवं होतं." आम्ही दोघी तिथेच बांधावर बसून पोटभर रडलो, आणि ऊन चढायच्या आत घरी परतलो.