एकच दिवस भिजलेलं कातडं

चौतीस वर्षांत आन्सेल्म कोर्दियेच्या हातून एकच चूक झाली, आणि ती नेमकी नको त्या वेळी झाली. त्याने कातडं दोन दिवसांऐवजी एकच दिवस भिजवलं.

पॅरिसबाहेर टेकडीवरच्या एका प्रयोगशाळेत तो देशोदेशींहून तपासणीला येणारी किलोची वजनं धुवायचा. धुवायची म्हणजे नळाखाली धरायची नव्हेत. डोंगरी बकरीचं मऊ कातडं आधी दोन दिवस ईथर आणि अल्कोहोलमध्ये ठेवायचं, म्हणजे त्याचा स्वतःचा तेलकटपणा निघून जातो. मग त्याने अंड्याहून लहान असं ते प्लॅटिनमचं वजन चोळायचं आणि शेवटी वाफेवर धरायचं. जोर किती लावायचा याचा आकडा कागदावर होता, पण तो अंगठ्यात उतरायला आन्सेल्मला सहा वर्षं लागली. घरात मात्र याने आजवर एक बशी विसळलेली नाही, असं त्याची बायको येईल त्याला सांगायची.

आता किलोच बदलणार होता. गेल्या नोव्हेंबरात व्हर्सायला देशांनी मतं देऊन ठरवलं होतं, की तिजोरीतल्या धातूच्या तुकड्याचा भरवसा पुरे झाला. वीस मेपासून किलो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरेल. वजनं त्यानंतरही येणार होती. ती आन्सेल्मने धुवायची की नव्या यंत्राने, हे विभागप्रमुख माएल तोरिन्यी ठरवणार होती. ही पस्तिशीची, ब्रिटनी प्रांतातली, आणि सतत हसून बोलणारी. त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नसे. तिने त्याला एक जुनं वजन धुऊन मागितलं. गुरुवारपर्यंत.

वजन अडतीस मायक्रोग्रॅमने जड भरलं. माशीचा पंखही याहून जड असेल, पण टेकडीवर एवढ्याने बोभाटा होतो. वजनच आता म्हातारं झालं, असा माएलने निष्कर्ष काढला. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "आन्सेल्म, तुमच्या या प्लॅटिनमच्या पोराला लोणी कमी द्या हो." तो सगळ्यांबरोबर हसला. चरबी कुणाची, हे त्याला एकट्याला माहीत होतं. गप्प बसलं तर हाताची अब्रू राहत होती आणि वजनाची जात होती. बोललं तर उलटं. तीन दिवस त्याला कँटीनच्या मसुराची चव लागली नाही. चौथ्या दिवशी तो जिना चढून वर गेला.

"वजन ठीक आहे, मादाम. कातडं एकच दिवस भिजलं होतं. चूक माझी."

माएलने पेन खाली ठेवलं. "असं कसं झालं?"

"तुम्हाला गुरुवारी हवं होतं."

"मी चार वर्षं सगळं गुरुवारीच मागतेय, आन्सेल्म. तुम्ही कधी दिलंत?"

या खेपेला त्याला तिला खूश करायचं होतं.

त्याने पुन्हा धुऊ देण्याची परवानगी मागितली. जुन्या नोंदीच्या दोन मायक्रोग्रॅमच्या आत परत येईल, म्हणाला. नाही आलं, तर यंत्राचं बटण मीच दाबीन. माएलला गंमत वाटली. आलं तर माझ्या बाबांच्या बागेतल्या सफरचंदांच्या दारूची एक बाटली तुमची, तिने कबूल केलं.

कातडं पुरते दोन दिवस भिजलं. आन्सेल्मने वजन धुतलं, आणि पुढचे चार दिवस ते बंद खोलीत तराजूवर राहिलं. माणसाच्या अंगाच्या उबेनेही तो काटा हलतो, म्हणून आत कुणी जात नाही. फरक निघाला एका मायक्रोग्रॅमचा.

माएलने कागद दोनदा वाचला आणि मनापासून त्याचा हात हातात घेतला.

"जिंकलात तुम्ही," ती म्हणाली. "पण बघा ना, वजन तेच, हात तोच, आणि एक दिवस कमी पडला तर अडतीसचा फरक. यंत्राला गुरुवार कळत नाही, आन्सेल्म."

यंत्र मे महिन्यात आलं. आन्सेल्मकडे आता वजनांच्या डब्यांना चिठ्ठ्या डकवायचं काम आहे, पेन्शनला चौदा महिने आहेत. कातडं खुंटीवर वाळून कडक झालंय. माएल महिन्यातून एकदा ब्रिटनीला जाऊन येते, आणि दर वेळी कपाळावर हात मारते, "बाटली याही खेपेला राहिलीच." असू दे, असू दे, तो म्हणतो.

ती गावाहून येते त्या सोमवारी तो मोठी पिशवी घेऊन कामावर जातो.